आमच्या मधलं कापड

मी शेकायची पिशवी बोलतेय. रबराची, विटकरी रंगाची, मान बारीक आणि पोट मोठं. माझ्या अंगावर उभ्या रेघा आहेत, त्या शोभेसाठी नाहीत. ऊन पाणी भरल्यावर सगळं पोट एकदम चटकू नये म्हणून त्या ठेवलेल्या असतात. आता मात्र माझ्यात पाणी नसतं. काय असतं ते शेवटी सांगते, कारण ते आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं ऐकायचे नाही. माणसांची सवय मला ठाऊक आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रबराचे दोन पत्रे एकमेकांवर दाबून मला कडेनं चिकटवलं, मानेत पितळी आटे बसवले, बूच लावलं. मग एका बाईनं माझ्यात हवा भरून मला पाण्यात बुडवलं आणि बुडबुडे येतात का ते पाहिलं. आले नाहीत. तिनं मला पुसलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाली, "जा, कुणाच्या तरी उपयोगी पड." दिवसाला शेकडो पिशव्यांना ती असंच म्हणत असणार, पण मला ते माझ्यापुरतंच वाटलं.

पुढे औषधांच्या दुकानात, कुबड्या आणि तापमापक यांच्या मधोमध, काचेच्या कपाटात माझी वर्णी लागली. तिथं मला एक गोष्ट कळली. शेकायची पिशवी मागायला आलेली प्रत्येक बाई "कंबरेसाठी" म्हणते. तरुण असो, म्हातारी असो, दुखणं कुठलंही असो, दुकानदारापुढे ते कंबरेतच जाऊन बसतं. ऐकून ऐकून मला वाटायला लागलं की बायकांना पोट नसतंच.

मला घेतलं ते आत्यानं. ती सगळ्यांचीच आत्या होती, म्हणून मीही तिला आत्याच म्हणते. एका कचेरीत ती टंकलेखक होती. तिनंही "कंबरेसाठी" असंच सांगितलं आणि घरी जाऊन मला पोटावर ठेवलं, बेंबीच्या चार बोटं खाली. महिन्यातले चार-पाच दिवस मी तिची, बाकीचे दिवस खुंटीवर उलटी टांगलेली. दुखणं जोरात असलं की आत्या टंकलेखन यंत्राच्या लयीत बोटं गादीवर आपटायची. मला ते सगळं कळायचं, पण घरात कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही ती. वय झालं, पाळी थांबली, दुखणंही थांबलं. आत्यानं मला कोरडी केली, आतबाहेर पावडर लावली आणि ट्रंकेत ठेवून दिली. त्या पावडरीमुळेच माझं रबर चिकटलं नाही. अंधारात बरीच वर्षं गेली.

ट्रंक उघडली ती आत्याच्या भाचीसाठी. ती तेव्हा नुकतीच एका शिवणाच्या कारखान्यात कामाला लागली होती. कोट, विजारी, झगे शिवायचा तो कारखाना एका म्हाताऱ्या शिंप्याचा होता आणि त्याला सगळे मास्तर म्हणत. भाची किडकिडीत, आणि तोंडात कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या. म्हणून मास्तरांनी तिचं नाव 'टाचणी' पाडलं होतं. ते इतकं चिकटलं की पुढे तिचा नवराही तिला लाडात आला की टाचणी म्हणायचा.

तर ही टाचणी एका रविवारी आत्याकडे जेवायला आली आणि ताटावरून उठून जमिनीवर आडवी झाली. गुडघे छातीशी घेतलेले, चेहरा पांढरा. आत्यानं काही विचारलं नाही. ट्रंक उघडली, मला पाणी भरून आणलं आणि तिच्या पोटाशी ठेवलं. थोड्या वेळानं टाचणीचे गुडघे सैल झाले.

"काय होतंय गं?" आत्यानं तेव्हा कुठे विचारलं.

"कंबर," टाचणी म्हणाली.

"हं," आत्या म्हणाली. "घेऊन जा ही पिशवी."

अशी मी टाचणीची झाले. दुसऱ्याच आठवड्यात तिनं मला अंगरखा शिवला. कुणाच्या तरी ओव्हरकोटाच्या उरलेल्या फ्लॅनेलचा, करड्या रंगाचा, मानेशी काज आणि बटण. मापं घेताना तिनं माझ्याभोवती टेप असा फिरवला की जणू मी मोठं गिऱ्हाईक. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी कपडा शिवला. खरं सांगते, मी त्या दिवशी थंड असूनही मला ऊब आली.

पुढची काही वर्षं आमची बरी गेली. तिचं लग्न झालं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मनानं चांगला, पण मला भरायचं त्याला जमायचं नाही. उकळतं पाणी थेट ओतायचा, गळ्यापर्यंत. मी फुगून टुम्म व्हायचे आणि टाचणीच्या पोटावरून घरंगळायचे. "अरे, पाणी जरा निवू दे, तीनातले दोन भाग पाणी भर, मग तिला टेबलावर आडवी करून हवा काढ, आणि मग बूच लाव," ती दर महिन्याला सांगायची. तो दर महिन्याला नव्यानं ऐकायचा.

दुखणं मात्र वाढत चाललं होतं. आधी चार दिवस, मग सहा, मग पाळी यायच्या आधीही. बसताना, उठताना, कधी शौचाला जाताना. एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं. मग ते म्हणाले, मूल झालं की थांबेल. टाचणीनं त्यांच्याकडे जाणंच थांबवलं.

आणि मग सल्ले सुरू झाले. दुखणं एकीचं आणि वैद्य सगळं गाव. शेजारीण म्हणाली आल्याचं पाणी पी. ते ती प्यायली, त्यानं मळमळ खरंच कमी व्हायची. जाऊबाई म्हणाल्या गहू सोड. मोठी नणंद म्हणाली दूध सोड. दोघींचं ऐकून ती महिनाभर नुसती भात आणि भाज्यांवर राहिली, त्यानं दुखणं कमी झालं नाही, वजन तेवढं झालं. नवऱ्यानं कुणाकडून तरी एक चूर्ण आणलं. डबीवर लिहिलं होतं, 'तीन महिन्यांत दुखणं मुळासकट नाहीसं.' तीन महिन्यांत चूर्ण नाहीसं झालं आणि टाचणीचं पोट बिघडलं ते वेगळंच. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तसला प्रकार. पण नवऱ्याला मी दोष देत नाही. तो बिचारा काहीतरी करत होता. न बोललेल्या दुखण्यावर माणूस अंदाजानंच औषध आणणार.

या सगळ्यात तिचा भरवसा एका माझ्यावर होता. आणि इथंच मी तिला दगा दिला, असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत होतं.

झालं असं की तिला फ्लॅनेलमधून ऊब पुरेनाशी झाली. एक दिवस तिनं माझं बटण काढलं, अंगरखा बाजूला टाकला आणि मला उघडीच पोटावर ठेवली. मग पाणी जास्त ऊन. मग त्याहून ऊन. कारखान्यातही ती मला पँटच्या पट्ट्यात खोचून, वरून सैल सदरा घालून उभी राहायची आणि कापड बेतायची.

आता गंमत बघा. मास्तरांच्या कारखान्यात एक नियम होता. इस्त्री कधीही थेट कापडावर टेकवायची नाही, मधे ओलं फडकं हवंच. मास्तर म्हणायचे, "इस्त्रीची आणि कापडाची समोरासमोर ओळख करून द्यायची नाही. मधे एक जण पाहिजे." टाचणीनं हा नियम एका कोटालाही कधी मोडला नाही. लोकांच्या लोकरीला जपणारी ही बाई स्वतःच्या कातडीवर मला थेट ठेवत होती. मी रबर, मी काय बोलणार. तिच्या पोटावर तपकिरी जाळी उमटायला लागली, मासे पकडायच्या जाळ्यासारखी. ती आंघोळीच्या वेळी तिकडे बघायची नाही. मला मात्र रोज तिच्यावरच टेकावं लागायचं.

त्या सुमारास मास्तरांची नजर अधू व्हायला लागली होती. बेतायचं टेबल, म्हणजे जिथं कापडावर खडूनं आखून मोठ्या कात्रीनं कापतात ते, कारखान्याचं काळीज. शिवण चुकली तर उसवता येते, कातरलेलं कापड पुन्हा जोडता येत नाही. त्या टेबलावर आपल्यानंतर कोण, याचा मास्तर विचार करत होते. टाचणीला ते टेबल हवं होतं. दुसरं काही तिनं आयुष्यात एवढ्या मनापासून मागितलं नव्हतं, आणि हेही तिनं तोंडानं मागितलं नव्हतंच.

मग तो दिवस आला. एका वराचा कोट होता, उंची लोकरीचा. टाचणी सकाळपासून दात आवळून उभी होती. मी पट्ट्यात होते, मला तिचं पोट दगडासारखं लागत होतं. तिनं बाहीच्या मापाचा कागद कापडावर ठेवला, आखलं, कापलं. मग दुसऱ्या बाहीसाठी कागद उलटा करायचा असतो. तिनं तो सुलटाच ठेवला. आखलं, कापलं.

मास्तरांनी दोन्ही बाह्या उचलून उजेडात धरल्या.

"दोन्ही डाव्या," ते म्हणाले.

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या.

"तुझा हात सोन्याचा आहे. पण महिन्यातले आठ दिवस तू इथं असून नसतेस, नाहीतर येतच नाहीस. विचारलं तर म्हणतेस कंबर. तुझ्या वयात कसली कंबर? टेबलासाठी मी बाहेरून माणूस बघतोय. सणाच्या सुट्ट्या संपेपर्यंत ठरवीन."

ती घरी न जाता थेट आत्याकडे गेली. तिथं ती रडली, मोठ्यानं. मला पट्ट्यातून काढून तिनं टेबलावर ठेवलं तेव्हा सदरा वर सरकला आणि आत्याला ती जाळी दिसली.

आत्या खुर्चीत बसली. मग तिनं स्वतःचा झगा पोटापर्यंत वर करून दाखवला. तिच्या पोटावर, इतक्या वर्षांनंतरही, त्याच जाळीची पुसट खूण होती. ती माझीच होती.

"मलाही होतं हे," आत्या म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं. मी कंबर म्हणत राहिले. तू माझ्या घरी जमिनीवर पडलीस तेव्हाच मला कळलं होतं. तुला पिशवी दिली, पण खरं काय ते बोलले नाही. आधी बोलायला हवं होतं गं. माझं चुकलं."

दुसऱ्या दिवशी आत्या तिला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मीही होते, टॉवेलात गुंडाळलेली, टाचणीच्या मांडीवर. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासायला सदरा वर करायला सांगितला. आता माझी पापं उघडी पडणार म्हणून मी आक्रसले.

"हे कशानं?" बाईंनी विचारलं.

"शेकून शेकून," टाचणी खाली बघत म्हणाली. "दुखणं तसं फार नाहीये."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले, खुर्ची जवळ ओढली. "कातडी अशी होईपर्यंत कुणी हौसेनं शेकत नाही," त्या म्हणाल्या. "दुखणं किती आहे ते तुमचं पोटच सांगतंय. आता तुम्ही सांगा. आणि कंबर म्हणू नका."

टाचणीनं सांगितलं. पाऊण तास सांगत होती. कुणी तिला मधे तोडलं नाही. मला दगा वाटत होता तो माझा डाग तिची साक्ष ठरला. तेव्हापासून मी स्वतःला माफ केलं, थोडं तरी.

तपासण्या झाल्या. दुखण्याचं नाव होतं एंडोमेट्रिओसिस. नाव ऐकून आत्या म्हणाली, "एवढं मोठं आहे म्हणूनच कुणी घेत नसेल." डॉक्टरीणबाईंनी समजावलं, गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच अस्तर त्याच्या बाहेर, भलत्या जागी वाढतं, आणि पाळीच्या वेळी तेही सुजतं, चिकटतं, ओढतं. टाचणीला हे एका क्षणात कळलं. अस्तर चुकीच्या बाजूला लागलं की सगळा कोट ओढला जातो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"मग शेक बंद करू?" तिनं विचारलं. मी श्वास रोखला, म्हणजे बूच घट्ट धरलं.

"कशाला? शेक चांगला आहे. चालणं, श्वासाचे व्यायाम, पुरेशी झोप, हेही चांगलं. यांनी दुखणं सोसवतं. पण हा आजार त्यांनी जात नाही, त्यासाठी माझी औषधं घ्या, लागलंच तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करू. दोन्ही हातांनी धरायचं. आणि मुळासकट म्हणणारी कुठलीही डबी मला दाखवल्याशिवाय पोटात घालायची नाही. आणखी एक, पिशवी आणि कातडी यांच्या मधे कापड हवं. पाणी उकळतं नको. वीस मिनिटं ठेवा, मग थोडा वेळ उचला."

आत्या हसली. "मास्तरांचा नियम," ती म्हणाली.

घरी येऊन टाचणीनं करडा अंगरखा शोधून काढला, धुतला आणि मला घातला. बटण लावताना तिचा अंगठा माझ्या मानेवर थोडा वेळ थांबला.

डॉक्टरीणबाईंनी रोजची नोंद ठेवायला सांगितली होती. टाचणीला वहीचा कंटाळा. तिनं कोटाच्या आत घालतात त्या जाड कॅनव्हासची एक लांब पट्टी कापली आणि रोज एक टाका घालायला लागली. बरा दिवस पांढरा, दुखरा दिवस लाल, फार दुखरा दिवस लाल आणि दुहेरी. त्याखाली बारीक टाके, काय केलं त्याचे. चाललं तर निळा, व्यायाम केला तर हिरवा, शेक घेतला तर करडा, माझ्या अंगरख्याच्या रंगाचा. व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंनी तिला पोटापर्यंत श्वास घ्यायला आणि आवळून धरलेलं ओटीपोट सैल सोडायला शिकवलं. "मला वाटायचं आवळून धरलं की कमी दुखतं," टाचणी म्हणाली. "सगळ्यांना तसंच वाटतं," त्या बाई म्हणाल्या. नवऱ्याला तिनं एक दिवस सगळं नीट सांगितलं. त्यानं उठून पाणी तापवलं, निवू दिलं, मला टेबलावर आडवी करून हवा काढली आणि बूच लावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरोबर. संध्याकाळी तो तिच्याबरोबर चालायलाही जायला लागला.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. हे तर मुंगीच्याही पावलांनी पूर्ण जाणारं नव्हतं. पण चार महिन्यांनी पट्टीवरचे दुहेरी लाल टाके विरळ झाले. शेजारीशेजारी आठ असायचे, तिथं तीन उरले.

मास्तरांनी सांगितलेल्या सणाच्या सुट्ट्या केव्हाच संपल्या होत्या, पण बाहेरचा माणूस त्यांच्या मनाला येत नव्हता. एका दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, टाचणी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मी तिच्या पट्ट्यात, सदऱ्याखाली, अंगरख्यासकट.

"मास्तर, मला कंबर नाही," ती म्हणाली. "पाळीचं दुखणं आहे. त्याला नाव आहे, त्यावर औषध चालू आहे. मला टेबल हवंय. हे बघा." तिनं पट्टी टेबलावर उलगडली.

मास्तरांनी चष्मा लावला आणि पट्टी बोटानं वाचायला लागले, जशी ते शिवण तपासत. लाल आले तिथं बोट थांबायचं. शेवटापर्यंत जाऊन ते परत पहिल्या टाक्याला आले.

"हे लाल दिवस आधी कळतात?" त्यांनी विचारलं.

"आता बरेचसे कळतात. त्या दिवसांत मी हातशिलाई करीन, काजं करीन, बसून. कात्री धरणार नाही. बाकीचे दिवस टेबल माझं."

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"माझी बायकोही कंबरच म्हणायची," ते म्हणाले. "शेवटपर्यंत. मी तिला म्हणायचो, सारखं काय गं तुझं." मग त्यांनी खुंटीवरची मोठी कात्री काढली आणि मुठीची बाजू टाचणीकडे करून टेबलावर ठेवली. "उद्यापासून. आणि ती पट्टी शिवत राहा. मला दाखवत जा."

टाचणीनं कात्री उचलली आणि एकदा उघडून मिटली. माझ्यातलं पाणी हललं, ते तिच्यामुळे की माझ्यामुळे, मला सांगता येणार नाही.

पुढे तिची दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. आता लाल दिवस येतात, पण ते पाहुण्यासारखे येतात आणि जातात. मी मात्र म्हातारी झाले. शिवणीशी रबराला बारीक चिरा पडल्या, एक दिवस चादर ओली झाली. टाचणीनं मला उजेडात धरून पाहिलं. माझ्या वयाच्या पिशवीत ऊन पाणी भरणं म्हणजे जिवाशी खेळ, तिला ते ठाऊक होतं. नवी पिशवी आली, निळी. मला वाटलं, आता माझी रवानगी कचऱ्यात.

टाचणीनं मला आतून कोरडी केली. मग धुतलेली जाड रेती कागदाच्या नळकांड्यातून माझ्यात भरली, हवा काढली, बूच लावलं आणि करडा अंगरखा घालून बटण लावलं. दुसऱ्या दिवशी ती मला कारखान्यात घेऊन गेली आणि बेतायच्या टेबलावर, कापडावर ठेवलेल्या कागदाच्या कडेला ठेवलं. कागद हलू नये म्हणून तिथं वजन लागतं. आता ते वजन मी.

तर माझ्यात आता रेती आहे. मी ऊन नाही, पण बिनकामाची नाही. खडूची रेघ माझ्या बाजूनं जाते, कात्री माझ्या बाजूनं चालते, आणि दुसऱ्या बाहीच्या वेळी टाचणी मला उचलते, कागद उलटा करते, आणि मला परत ठेवते. एकदाही विसरलेली नाही. मी जन्मले त्या कारखान्यातल्या बाईनं थाप मारून सांगितलं होतं तशी मी उपयोगी पडले, आणि ज्यांच्या उपयोगी पडले त्यांनी मला फेकलं नाही. याहून जास्त एका पिशवीनं काय मागावं.

तरी एक मागते. तुमच्या घरी कुणी "कंबर" म्हणून आडवं झालं, तर पाणी निवू द्या, हवा काढा, मधे कापड ठेवा. आणि मग तिच्याजवळ बसून विचारा, नक्की कुठे दुखतंय. ती लगेच सांगणार नाही. बसून राहा.

चला, मास्तरीणबाई आल्या. हो, टाचणीला आता नव्या मुली असंच म्हणतात. तिनं कागद उलटा केलाय. मला माझ्या जागेवर जायला हवं.